पदवीचा विद्यार्थी तत्त्वज्ञान परिषदेत निबंध वाचू शकत नाही?

तत्त्वज्ञानाच्या परिषदेत शोधनिबंध वाचण्याचा अधिकार एम.ए. किंवा पीएच.डी. झालेल्यांनाच असतो, हा समज विदर्भातील गावोगावच्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे पक्का आहे. तो चुकीचा आहे. पात्रता प्रत्येक परिषदेच्या निवेदनात लिहिलेली असते आणि अनेक परिषदा पदवीच्या विद्यार्थ्यांनाही संधी देतात, काही तर केवळ त्यांच्यासाठीच भरतात. पुष्कळ ठिकाणी लेखकाचे व महाविद्यालयाचे नाव झाकूनच निवडीसाठी आधी पाठवलेला निबंधाचा सारांश तपासला जातो, त्यामुळे तो चिखलदऱ्याहून आला की पुण्याहून, हे परीक्षकाला कळतही नाही.

नवा सिद्धांत मांडावा लागतो, ही भीतीही अनाठायीच, कारण एका युक्तिवादातील एखादे गृहीतक नेमके दाखवून त्यावरील संभाव्य आक्षेपाला प्रामाणिक उत्तर देणे पदवीच्या निबंधाला पुरेसे असते. अमरावती जिल्ह्यातील माधानचे संत-तत्त्वज्ञ गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांच्या मधुराद्वैतात, म्हणजे प्रेमभक्ती आणि अद्वैत यांची सांगड घालणाऱ्या विचारात, भक्त आणि ब्रह्म एकच असतील तर प्रेम कोणावर, हा प्रश्न त्यासाठी उत्तम आहे, आणि माझ्या मते तो इथल्या मुलांनीच हाती घ्यावा. सारांश बहुधा दोनशे ते पाचशे शब्दांचा मागतात. निबंधाची भाषा आणि प्रवासखर्च यांची चौकशी मात्र आयोजकांकडे आधीच करावी.