रूळ, लोहमार्गाचे

आगगाडीच्या चाकांचा भार पेलणाऱ्या व त्यांना मार्गावर ठेवणाऱ्या धातूच्या लांब पट्ट्या. एकोणिसाव्या शतकात रुळांचे द्रव्य दोनदा बदलले: ओतीव लोखंडाच्या (बिडाच्या) जागी घडीव (ठोकून-लाटून आकार देता येणारे) लोखंड आले आणि त्याच्या जागी पोलाद.

उगम : इंग्लंडमधील कोलब्रुकडेल येथे १७६७ मध्ये ओतलेल्या पट्ट्यांना सर्रास आद्य लोखंडी रूळ म्हटले जाते. लोखंडाचा भाव पडल्याने साठा असा अंथरला, अशी कथाही जोडतात. मात्र त्या पट्ट्या लाकडी रुळांवर ठोकलेल्या होत्या. भार लाकूडच पेलत असे. तेव्हा त्यांना रुळांऐवजी लाकडावरचे चिलखत म्हणणे अधिक योग्य. शेफील्डच्या कोळसाखाणीतील जॉन करच्या काटकोनी पट्ट्यांना जुने ग्रंथ १७७६ हे साल देतात. १७८७ च्या सुमाराचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. या पट्टीला उभी कड असे व चाक सपाट, त्यामुळे गाडी साध्या रस्त्यावरही नेता येई; पण कडेच्या कोनात दगड-चिखल साचे. अभियंता विल्यम जेसपने इंग्लंडमधील लफबरोच्या मार्गावर कड रुळावरून चाकावर नेली. तेथे १७८९ हे साल रूढ असले, तरी मार्ग १७९४ च्या आसपास सुरू झाला.

द्रव्य : दोन आधारांमधला रूळ भाराखाली वाकतो, वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. बीड दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही. म्हणून ओतीव रूळ जेमतेम ९० सेंमी. लांब आणि मध्यभागी माशाच्या पोटासारखे फुगीर करीत. तरीही १८०४ मध्ये वेल्समधील पेनिडॅरेन येथे रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या इंजिनाने १० टन लोखंड ओढले खरे, पण त्याच्या वजनाखाली पट्ट्या तुटत गेल्या.

जॉन बर्किनशॉने १८२० मध्ये बेडलिंग्टन येथे घडीव लोखंडाचा रूळ लाटण्याचे एकस्व (पेटंट) घेतले. लांबी १५ फूट झाली, म्हणजे सांधे एक-पंचमांशावर आले. स्टॉकटन–डार्लिंग्टन मार्गावर (१८२५) यार्डाला (दर यार्ड लांबीला) २८ पौंड वजनाचे, तर लिव्हरपूल–मँचेस्टर मार्गावर (१८३०) ३५ पौंडांचे रूळ होते. घडीव रूळ तुटत नसे, झिजून फाटे. कारण तो पट्ट्यांची थप्पी तापवून एकजीव लाटलेला असे; थरांत मळी (लोखंडातील अशुद्ध गाळ) राहिली की चाकाखाली पापुद्रे सुटत. एक बाजू झिजल्यावर उलटता यावा म्हणून वर-खाली सारखे डोके असलेला रूळ निघाला. हिशेब फसला: 'चेअर' नावाच्या ज्या ओतीव बैठकीत तो बसे, तिथे खालच्या डोक्याला खाचा पडत आणि उलटल्यावर गाडी खडखडे.

पोलादी रूळ प्रथम १८५७ मध्ये डर्बी स्थानकात बसवला गेला. रॉबर्ट मशेटने तो पुरवला होता. जिथे लोखंडी रूळ काही महिन्यांत बदलावा लागे, तिथे हा सुमारे १६ वर्षे टिकला. बेसेमर पद्धतीने (वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून) पोलाद स्वस्त झाल्यावर पुढे लोखंडी रूळ मागे पडले.

भारत : बोरीबंदर–ठाणे मार्गाचे (१६ एप्रिल १८५३) रूळ ब्रिटनमधून जहाजाने आले. येथे प्रश्न रुळांपेक्षा लाकडी स्लीपरांचा (रुळांखालच्या आधारांचा) होता. वाळवीमुळे पुढे अनेक मार्गांवर उपड्या वाडग्याच्या आकाराचे बिडाचे स्लीपर वापरले गेले. दोन वाडगे लोखंडी पट्टीने जोडून रुळांमधले अंतर कायम राखीत.