खुलासा: दिल्लीला मराठी कागद चालतो
‘हवामानाचं धोरण दिल्लीत ठरते, आपल्या मराठी कागदाले तिथं कोण इचारते?’ यवतमाळकडच्या पारावर हे वाक्य कापसाच्या भावाच्या रडगाण्याइतकंच जुनं. चूक आहे. लोकसभेच्या नियमांनुसार नागरिकाला याचिका देता येते, वकील नको. मराठीतली चालते; फक्त हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सहीनिशी जोडायचं. प्रत्येकाचं पूर्ण नाव, पत्ता, सही. लिहिता न येणाऱ्या आजीचा अंगठाही चालतो. (अवकाळीनं बोंडातच कोंब फुटलेल्या सरकीचे फोटो मात्र घरीच ठेवा, सोबत इतर कागदपत्रं चालत नाहीत.) खासदारानं मांडायची तर त्याची प्रतिस्वाक्षरी, म्हणजे तुमच्या सहीसोबत त्याचीही सही लागते; नाहीतर याचिका थेट लोकसभेच्या महासचिवांकडे पाठवता येते. म्हणजे चकरा दिल्लीच्या नाहीत, फार तर खासदाराच्या दाराच्या. सभागृहापुढे आली की ती लोकसभेच्या याचिका समितीकडे जाते, समिती अहवाल देते.