वॉरबँड पहिल्यांदा खेळायला बसण्याआधी

आमच्या गेमिंग कॅफेत 'माउंट अँड ब्लेड: वॉरबँड' लावून बसलेले नवे गिऱ्हाईक बहुतेक वेळा तासाभरात चिडून उठते. हात चांगला असतो, पण हा खेळ कोणी समजावून सांगितलेला नसतो. तुम्ही तासाचे पैसे मोजता, तो तास तुरुंगातून सुटण्यात जाऊ नये म्हणून हे पत्रक प्रत्येक मशीनपाशी ठेवले आहे.

तुर्कस्तानातल्या अंकारा शहरातल्या टेलवर्ल्ड्स कंपनीने हा खेळ २०१० साली काढला. कॅलरेडिया नावाच्या काल्पनिक मुलखात सहा राज्ये एकमेकांशी भांडत असतात आणि तुम्ही त्यात उतरता. आपल्या शब्दांत सांगायचे तर तुम्ही एकटे शिलेदार असता. घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचे, धनी अजून ठरायचा. कुठे जायचे, काय करायचे हे खेळ सांगत बसत नाही. नवा माणूस इथेच अडतो आणि दिसेल त्या सैन्यावर धावून जातो.

आधी हात बसवा. वार चार बाजूंनी होतो: डावीकडून, उजवीकडून, डोक्यावरून आणि भोसकून. माउसचे डावे बटण दाबून धरले की हात उगारला जातो, सोडले की वार पडतो. उजव्या बटणाने अडवता येते. तलवारीने अडवायचे तर समोरच्याच्या वाराची दिशा ओळखावी लागते, पण ढाल समोरून आलेले सगळे अडवते. म्हणून पहिले काही दिवस ढाल सोडू नका. प्रत्येक मोठ्या शहरात आखाडा आहे. तिथे हरलात तरी काही जात नाही, सराव फुकट होतो. सेटिंगमध्ये तुम्हाला होणारी इजा निम्मी किंवा पाव करता येते. ती सुरुवातीला कमी ठेवा, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

घोड्यावरचा लांब भाला हे या खेळातले सर्वांत जबर हत्यार आहे. घोडा पुरेसा वेगात आला की भाला आपोआप समोर झुकतो. त्या वेळी वाराचे बटण दाबायचे नाही, फक्त नेम धरून घोडा न्यायचा. चिलखतवालासुद्धा एका धडकेत पडतो.

सुरुवातीला गावागावातून नवखी पोरे भरती करा आणि फक्त लुटारूंच्या टोळ्यांशी लढा. त्यांच्याकडे दगड आणि फुटकी हत्यारे असतात. उत्तरेच्या किनाऱ्यावरचे समुद्री दरोडेखोर दिसले तर मात्र घोडा वळवा. त्यांची लूट चांगली असते, पण नवखी पोरे त्यांच्या फेकीच्या कुऱ्हाडींपुढे टिकत नाहीत. पळून जाणे हा या खेळात पूर्ण मान्य डाव आहे. गनिमी कावा ज्यांच्या रक्तात आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. नकाशावर वेग फार मोलाचा असतो. तुकडी मोठी, कैदी जास्त, सामान जड, की तुम्ही मंदावता. हरलात तरी तुमचा माणूस मरत नाही. पकडला जातो, फौज आणि काही पैसे जातात आणि काही दिवसांनी सुटतो.

खरी अडचण पैशांची येते. सैनिकांना दर आठवड्याला पगार द्यावा लागतो, घोडेस्वार महाग पडतात आणि पैसे संपले की माणसे सोडून जाऊ लागतात. मांस, कोंबडी असे ताजे अन्न लवकर नासते, म्हणून वाळवलेले मांस आणि धुरावलेले मासे जवळ ठेवा. अन्नाचे प्रकार जितके जास्त तितका फौजेचा उत्साह टिकतो. एकटा पाव भरून निघालेली फौज लढायच्या आधीच कुरकुरते, हे आम्ही रोज पाहतो.

पहिली मोठी कमाई शहरातल्या स्पर्धांतून होते. प्रत्येक फेरीआधी स्वतःवर १०० दीनारपर्यंत पैज लावता येते. सगळ्या फेऱ्या जिंकल्या तर हजारो दीनार हाती येतात, शिवाय नावही होते. ते पैसे भारी चिलखतात घालू नका. शहरातल्या व्यापारी संघाच्या प्रमुखाला भेटून रंगाई कारखाना काढा. सुमारे १०,००० दीनार लागतात, पण दर आठवड्याला येणारा नफा फौजेच्या पगाराला हातभार लावतो. एका शहरात एकच कारखाना काढता येतो. तीन-चार शहरांत झाले की मग खेळायला खरी मजा येते.

शहरांतल्या टॅव्हर्नमध्ये म्हणजे दारूच्या गुत्त्यात, स्वतःचे नाव आणि कौशल्य असलेले साथीदार भेटतात. त्यातला जेरेमस हा वैद्य सापडला तर सोडू नका. शस्त्रक्रियेचे कौशल्य वाढले की लढाईत पडलेले सैनिक मरण्याऐवजी जखमी होतात आणि महिनाभर शिकवून तयार केलेली माणसे वाचतात. वेढ्याच्या कामाला आर्टिमेनर हा इंजिनिअर लागतो. कोणाचे कोणाशी पटत नाही, ते स्वतःच येऊन तक्रार करतील. ती ऐकून घ्या, नाहीतर चांगला माणूस निघून जाईल.

मैदानावरचे हुकूम पाठ करा. १ म्हणजे पायदळ, २ तिरंदाज, ३ घोडदळ, ० म्हणजे सगळे. मग आधी एफ-१ दाबायचे आणि त्यानंतर पुन्हा एफ-१ म्हणजे 'इथेच थांबा', एफ-२ म्हणजे 'माझ्यामागे या', एफ-३ म्हणजे 'तुटून पडा'. लढाई सुरू होताच सगळ्यांना थांबवा आणि उंचवट्यावर न्या. चढावर शत्रूच्या घोड्यांचा वेग मरतो आणि तिरंदाजांना नेम धरायला वेळ मिळतो. घोडदळ मागे राखून ठेवा. शत्रू पायदळाशी भिडला की मगच बाजूने घाला. ओढ्यात मात्र कधी उभे राहू नका.

सहा राज्यांपैकी फौज कुठली घ्यायची हे विचारणारे खूप असतात. स्वॅडियाचे नाइट म्हणजे चिलखती घोडेस्वार उघड्या मैदानावर भारी. नॉर्डांचे पायदळ तटावर चढायला सर्वोत्तम, पण त्यांच्याकडे घोडे नाहीत. ऱ्होडोकांकडेही नाहीत, मात्र त्यांचे भालाईत आणि क्रॉसबोवाले घोडदळाचे काळ आहेत. व्हेगिरांचे तिरंदाज नामी आणि सॅरनिडांचे मामलुक जड घोडेस्वार. खेरगिटांचे जवळजवळ सगळेच घोड्यावर, त्यामुळे मैदानात सळो की पळो करून सोडतात आणि वेढ्यात अडखळतात. आमचे मत विचाराल तर नवख्याने स्वॅडिया किंवा नॉर्ड धरावे.

एकट्याने किल्ला जिंकून राजा व्हायची घाई सगळ्यांत महाग पडते. राज्य करण्याचा हक्क लोकांनी मानलेला नसेल तर सरदार तुमच्याकडे येत नाहीत आणि मोठ्या फौजा त्या एका किल्ल्यावर येऊन आदळतात. आधी एखाद्या राजाकडे भाडोत्री म्हणून राहा, पुढे त्याचे सरदार व्हा. पहिले गाव मिळेल ते बहुधा जळालेले असेल. घ्या. पकडलेल्या शत्रू सरदारांना सोडून दिले तर मान वाढतो आणि पुढे तुमचे राज्य झाले तर त्यातलेच काही तुमच्या दारी येतात.

तुमचा खेळ ज्या मशीनवर सुरू केला त्याच मशीनवर राहतो. डॉक्युमेंट्समध्ये 'माउंट अँड ब्लेड वॉरबँड सेव्हगेम्स' हा फोल्डर आहे. जाताना तो पेन ड्राइव्हवर घेऊन जा, काउंटरवर सांगितलेत तर आम्ही कॉपी करून देतो.