इम्प्लांटनंतरची चक्कर: घर फिरतंय की पाय डगमगतायत?

कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून कानात बसवलेलं यंत्र) झालेला माणूस ‘चक्कर येते’ म्हणाला की घरचे मेडिकलमधून गोळी आणतात आणि त्याला झोपवून ठेवतात. काळजीपोटीच करतात. पण आधी एक विचारायला हवं: खोली फिरते, की खोली जागेवर असून पाऊलच नीट पडत नाही? ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणारा भाग आतल्या कानात एकमेकांना जोडलेले असतात. तोलाच्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन पिशव्या. शंखात इम्प्लांटची बारीक तार, म्हणजे इलेक्ट्रोड, सरकवताना किंवा हाड कोरताना या शेजाऱ्यालाही धक्का बसू शकतो. म्हणून ऑपरेशननंतर काही दिवस थोडीफार चक्कर बऱ्याच जणांना येते आणि जाते. प्रश्न येतो तो ती टिकली किंवा नव्याने सुरू झाली तर.

माझ्या आत्याचं इम्प्लांट पुण्यात झालं. सोलापूरला परतल्यावर एका सकाळी ती कुशीवर वळली आणि पलंगाची कड घट्ट धरून ओरडली, “अगं, घर फिरालंय बघ!” इम्प्लांटचं मशीन अजून सुरू व्हायचं होतं, ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तिला काही विचारायचं तर पाटीवर लिहावं लागे. ‘काय होतंय?’ एवढं लिहून होईपर्यंत गरगर थांबलीसुद्धा. हीच या पहिल्या प्रकाराची खूण. कूस बदलली, आडवं झालं, वर पाहिलं की जोरात फिरतं आणि बहुतेक वेळा मिनिटाच्या आत शांत होतं. पिशवीतले कॅल्शियमचे सूक्ष्म कण सुटून नलिकेत शिरलेले असतात. ऑपरेशननंतर काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनीही हे होतं. डॉक्टर डोकं ठरावीक कोनात आडवं करून डोळ्यांची हालचाल बघतात आणि एप्ली नावाच्या कृतीने कण परत जागेवर आणतात. बरेचदा एक-दोन बैठकांत काम होतं. मोबाईलवरचा व्हिडिओ बघून घरी मात्र करू नका. कुठला कान, कुठली नलिका हे आधी कळावं लागतं, शिवाय ऑपरेशनची जखम ताजी असते.

दुसऱ्या प्रकारात गरगर नसते, डगमग असते. ऑपरेशनच्या बाजूचा तोलाचा अवयव मंदावलेला असतो. सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या काठाने दिवसा नीट चालणारा माणूस रात्री वीज गेली की भिंत धरतो. कारण तोल कान, डोळे आणि पाय असे तिघे मिळून सांभाळतात. अंधारात डोळ्यांची साथ सुटते, मऊ किंवा उंचसखल जमिनीवर पायांची. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरच्या गर्दीत तर जास्तच, कारण चहूकडे सगळं हलत असतं.

इथे एप्लीचा उपयोग नाही. उपाय म्हणजे चालणं, नजर एका ठिकाणी ठेवून डोकं हलवण्याचे व्यायाम, तेही फिजिओथेरपिस्टने शिकवलेले. हळूहळू मेंदू दुसऱ्या कानावर आणि डोळ्यांवर भिस्त ठेवायला शिकतो. नेमकं हेच शिकणं सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिनसारख्या चक्कर दाबणाऱ्या गोळ्या लांबवतात. पहिले काही दिवस ओकाऱ्या थांबवायला त्या ठीक. पुढे आठवडेच्या आठवडे त्या घेत पडून राहणं मला सरळ नुकसानीचं वाटतं.

एकाच माणसात दोन्ही असू शकतात. म्हणून किती वेळ टिकलं आणि काय करताना आलं, हे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा.

चक्करेबरोबर ताप, मान आखडणं, तीव्र डोकेदुखी, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव, चेहरा एका बाजूला ओढला जाणं, यातलं काहीही दिसलं तर वरची तुलना बाजूला ठेवा. सर्जन पुण्याचे असले तरी त्यांना फोन करत करत त्याच दिवशी सोलापुरातलंच हॉस्पिटल गाठा. इम्प्लांटचं कार्ड सोबत न्या, कारण आत चुंबक असतं आणि एमआरआय करायचा की नाही, कसा करायचा, हे त्या कार्डावरच्या मॉडेलवरून ठरतं.