पार्श्वभूमी : पोटातले अवयव फोटोत उशिरा का आले?

८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्झबुर्गमध्ये विल्हेल्म रंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि काही महिन्यांतच मोडलेली हाडे, अंगात रुतलेल्या गोळ्या, गिळलेली नाणी यांचे फोटो ठिकठिकाणी निघू लागले. पोटाने मात्र निराशा केली. हाडात कॅल्शियम असते, फुफ्फुसात हवा असते. त्यामुळे दोन्ही फिल्मवर उठून दिसतात. यकृत, प्लीहा, स्वादुपिंड, मूत्रपिंडे, मूत्राशय या सगळ्यांची घनता जवळपास पाण्याइतकीच. ते सगळे क्ष-किरण सारख्याच प्रमाणात अडवतात आणि फिल्मवर करड्यात करडे मिसळून जाते.

अपवाद होता मुतखड्याचा. ग्लासगोचे जॉन मॅकिंटायर यांनी १८९६ मध्येच मूत्रपिंडातला खडा फोटोत पकडला. तोही कॅल्शियमचा होता म्हणून. निव्वळ युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेत आजही दिसत नाही.

मग उपाय निघाला तो असा की अवयव आपणहून दिसत नसेल, तर त्यात क्ष-किरण अडवणारे काहीतरी भरायचे. अन्नमार्गात हे सोपे होते. हार्वर्डमध्ये शिकत असलेल्या वॉल्टर कॅनन यांनी १८९६ च्या अखेरीपासून प्राण्यांना बिस्मथ मिसळलेले अन्न देऊन घास खाली कसा सरकतो ते पाहिले. मांजर चिडले किंवा घाबरले की त्याच्या जठराची हालचाल थांबते, हे त्यांना याच प्रयोगांत दिसले. भीती आणि राग यांचा शरीरावर होणारा परिणाम हा त्यांच्या पुढच्या संशोधनाचा विषय झाला. बिस्मथच्या काही क्षारांनी विषबाधा होऊ लागली, तेव्हा १९१० च्या सुमारास बेरियम सल्फेट आले. बेरियमचे विरघळणारे क्षार जहाल विष. सल्फेट मात्र विरघळतच नाही, त्यामुळे जसे गिळले तसे बाहेर पडते.

मूत्रमार्गाची गोष्ट जास्त वळणांची आहे. १९०६ मध्ये फोल्कर आणि अलेक्झांडर फॉन लिश्टेनबर्ग यांनी मूत्रवाहिनीत खालून नळी घालून चांदीचे कलिल (अतिसूक्ष्म कण तरंगत असलेले) द्रावण मूत्रपिंडापर्यंत चढवले. चित्र मिळाले, पण दाबाने द्रावण मूत्रपिंडाच्या ऊतीत घुसले की इजा व्हायची. काही रुग्ण दगावलेही. १९२३ मध्ये मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी लक्ष वेधले ते एका योगायोगाकडे : सिफिलिसवर सोडियम आयोडाइड घेणाऱ्या रुग्णांची लघवी एक्स-रेत दिसत होती. आयोडिनचा अणू जड, तो क्ष-किरण अडवतो, आणि मूत्रपिंडे त्याला स्वतःच बाहेर टाकतात. खालून नळी घालण्याची गरजच नव्हती. फक्त सोडियम आयोडाइडने चित्र पुसट यायचे आणि मात्रा वाढवावी तर ती सोसायची नाही.

सुटका झाली ती गाईंच्या औषधातून. बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ बिन्झ आणि रेट जंतुसंसर्गावर आयोडिनयुक्त संयुगे बनवत होते. गाईंच्या कासेच्या दाहावर त्यांची चाचणी झाली होती. मोझेस स्विक हा तरुण अमेरिकी डॉक्टर तेव्हा जर्मनीत शिकायला आला होता. यात आयोडिन आहे आणि हे लघवीतून जाते, मग शिरेतून देऊन फोटो का काढू नये, हा विचार त्याने लावून धरला. १९२९ मध्ये युरोसिलेक्टान हे शिरेतून द्यायचे आयोडिनयुक्त औषध पुढे आले आणि इंट्राव्हीनस पायलोग्राफी, म्हणजे आयव्हीपी, रुळली. श्रेय कोणाचे यावर स्विक आणि फॉन लिश्टेनबर्ग (तेच, चांदीवाले) यांच्यात जुंपली. स्विकला पुरेसे श्रेय मिळायला कित्येक दशके जावी लागली. कागदपत्रे पाहता तो उशीर अन्यायाचाच होता, असे माझे मत.

पित्ताशयाचेही असेच झाले. सेंट लुइसमध्ये ग्रॅहॅम आणि कोल यांनी १९२४ मध्ये यकृतातून पित्तात उतरणारे रसायन देऊन पित्ताशय दाखवले. कुत्र्यांवरचे प्रयोग बराच काळ फसत होते. ज्या कुत्र्यात चित्र आले त्याला त्या दिवशी खायला घालायचे राहून गेले होते, असे सांगतात. जेवल्यावर पित्ताशय आकुंचन पावून रिकामे होते, हे त्यातून ध्यानात आले.

या पद्धतीत अवयवाच्या आकाराबरोबर त्याचे कामही कळायचे. पण तीच तिची अडचण. मूत्रपिंड निकामी असेल तर औषध उतरायचे नाही आणि चित्र यायचे नाही. म्हणजे ज्याला गरज सर्वांत जास्त, त्याचीच फिल्म कोरी. थोरोट्रास्ट तर याहून वाईट निघाले. १९३० च्या आसपास आलेले हे थोरियम डायऑक्साइड यकृत-प्लीहा सुरेख दाखवायचे, कारण ते तिथेच साचून राहायचे. ते किरणोत्सारी होते. अनेकांना वीस-तीस वर्षांनी यकृताचा कर्करोग झाला.

अवयवात काही न भरता पाहण्याची सोय आणली ध्वनीने, म्हणजे सोनोग्राफीने. १९५५ मध्ये ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड गाडीच्या डिकीत शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घालून बॉयलरच्या कारखान्यात गेले. तिथे धातूतल्या भेगा शोधणारे यंत्र होते. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे आले. पुढे जठराचा असाध्य कर्करोग ठरवलेल्या एका बाईच्या पोटावर त्यांनी यंत्र लावले, तर आत बीजाशयाची प्रचंड मोठी पाण्याची गाठ निघाली. ती काढली आणि बाई बरी झाली. १९५८ मध्ये त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. वायू ध्वनीला वाट देत नाही, म्हणून ओटीपोटाच्या तपासणीआधी लघवी रोखून धरायला सांगतात. भरलेले मूत्राशय आतड्यांना बाजूला सारते.

शरीराचे आडवे छेद दाखवणारे सीटी स्कॅन १९७१ मध्ये आले ते फक्त डोक्यासाठी. एका छेदाला काही मिनिटे लागत आणि तेवढा वेळ डोके स्थिर ठेवता येते. पोट श्वासाबरोबर हलते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस न थांबता गोल फिरत छेद घेणारे स्पायरल सीटी आले आणि एका श्वासात पोट पाहून होऊ लागले. १९९० च्या दशकात मुतखड्यासाठी आयव्हीपीची जागा साध्या, विनाकॉन्ट्रास्ट (म्हणजे चित्र उठवणारे औषध न देता केलेल्या) सीटीने घेतली; त्यात युरिक ॲसिडचे खडेही दिसतात.

मात्र गाठ शोधायची असेल तर आयोडिन आजही शिरेतून द्यावेच लागते, कारण गाठ आणि शेजारची निरोगी ऊती सीटीतही बऱ्याचदा सारखीच दिसते. रक्तपुरवठा वेगळा असल्याने औषध दोन्हींत वेगवेगळ्या वेगाने पोचते आणि फरक कळतो. नंतर ते बाहेर टाकायचे काम मूत्रपिंडांकडेच येते. म्हणून कॉन्ट्रास्ट देण्याआधी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडे किती काम करतात हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट मागतात.