पार्श्वभूमी: पोलिश आडनावातलं ‘स्की’ नेमकं काय सांगतं?

पोलंडमध्ये ‘कोणीही एक सामान्य माणूस’ म्हणायचं असेल तर नाव घेतात यान कोवाल्स्कीचं. अर्ज कसा भरायचा हे दाखवणाऱ्या नमुन्यावरही हाच यान कोवाल्स्की असतो आणि बाई हवी असेल तर कोवाल्स्का. ‘कोवाल’ म्हणजे लोहार. संख्येने मात्र पहिला नंबर नोवाकचा, हे आडनाव लावणारे २ लाखांच्या आसपास आहेत. नोवाक म्हणजे नवखा, गावात नव्याने येऊन राहिलेला. देशातलं सगळ्यात मोठं आडनाव उपऱ्याचं आणि सामान्य माणसाचं प्रातिनिधिक नाव लोहाराचं. तरीही ‘स्की’ने संपणारं आडनाव म्हणजे खानदानी घराणं, ही समजूत पोलंडमध्ये आणि पोलंडबाहेरही चारशे वर्षं टिकून आहे. ती कशी तयार झाली हे पाहिल्याशिवाय या आडनावांचे अर्थ नुसते शब्दकोशातून काढून काही हाती लागत नाही.

आधी उच्चाराबद्दल थोडं. आपल्याकडे ही नावं इंग्रजी स्पेलिंग वाचून लिहिली जातात आणि मग ‘वावेंसा’चा ‘वालेसा’ होतो. पोलिशमध्ये एल अक्षरावर तिरकी रेघ असली की त्याचा उच्चार ‘व’कडे जातो. मेरी क्युरीचं माहेरचं आडनाव म्हणूनच स्क्लोडोव्स्का नसून स्क्वोदोव्स्का आहे आणि ते वॉर्साभोवतालच्या माझोव्शे भागातल्या स्क्वोदी नावाच्या गावांवरून आलं आहे.

सुरुवातीच्या काळाबद्दल फार लांबण लावायला नको. मध्ययुगात माणसाला एकच नाव असे. जमीनदार असेल तर त्यापुढे गाव येई, ‘तार्नुफचा यान’ असं. १५व्या-१६व्या शतकात या ‘अमुक गावचा’चं विशेषण झालं, म्हणजे तार्नुफवरून तार्नोव्स्की, झामोश्चवरून झामोयस्की, पोतोकवरून पोतोत्स्की. ‘क’ने संपणाऱ्या गावापुढे ‘स्की’चं ‘त्स्की’ होतं, एवढाच फरक. आपल्या ‘कर’शी हे अगदी जवळचं वाटेल, पण एक भेद महत्त्वाचा आहे. आपल्याकडे गावाचा ‘कर’ त्या गावातून आलेला कोणीही लावू शकत असे. पोलंडमध्ये आरंभी ‘तार्नोव्स्की’चा अर्थ तार्नुफचा रहिवासी असा नव्हता, तार्नुफचा मालक असा होता. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे.

या उमराव वर्गाला पोलिशमध्ये ‘श्लाख्ता’ म्हणतात आणि तो युरोपातल्या इतर देशांच्या मानाने फार मोठा होता, लोकसंख्येच्या ८ ते १० टक्के. त्यात शेकडो गावांचे धनी होते, तसे स्वतः नांगर धरणारेही होते. माझोव्शेमध्ये आख्खी गावं अशा गरीब उमरावांची असत. सगळ्यांचं आडनाव एकच, त्यामुळे एकमेकांना ओळखायला आणखी एक टोपणनाव लागे. पण घर गवताने शाकारलेलं असो की दगडी वाड्याचं, अधिकार कागदोपत्री सारखेच. राजाच्या निवडणुकीत मत, करांतून सवलत आणि मुख्य म्हणजे जमीन. १४९६च्या कायद्याने शहरातल्या व्यापाऱ्यांना शेतजमीन घ्यायची मनाई झाली होती. हातात पैसा असलेल्या माणसाला मग एकच रस्ता उरला, आपण उमरावच आहोत असं दाखवण्याचा. त्याची पहिली पायरी म्हणजे नावाला ‘स्की’.

१७व्या शतकाच्या पूर्वार्धात एका उमरावाने आयुष्याची बरीच वर्षं अशा लोकांची यादी करण्यात घालवली. लोकांनी त्या हस्तलिखिताला ‘हामांचं पुस्तक’ म्हटलं. बायबलमधल्या नोहाच्या ज्या मुलाच्या वंशाला शाप मिळाला तो हाम, आणि शेतकरी हे त्याचे वंशज असं उमरावांचं म्हणणं. ‘हाम’ हा शब्द पोलिशमध्ये आजही गावंढळ, असभ्य माणसासाठी शिवी म्हणून वापरतात. यादीत सुमारे २,५०० नोंदी आहेत. कोण कुठल्या शेतकऱ्याचा, चांभाराचा किंवा खानावळवाल्याचा मुलगा, कुठून कुठे गेला, तिथे कुठलं आडनाव लावलं, कुणाच्या मुलीशी लग्न केलं. पद्धत साधारण ठरलेली होती: लांबच्या मुलुखात जायचं, कुणाच्या तरी पदरी चाकरी करायची, बापाच्या नावाला किंवा धंद्याला ‘स्की’ जोडायचं आणि एका पिढीत रुळून जायचं. हे हस्तलिखित छापलं गेलं ते थेट १९६३ मध्ये.

या पुस्तकाकडे कसं पाहायचं यावर एकमत नाही. काही जण त्याला द्वेषाने भरलेली चुगली समजतात. त्यातल्या बऱ्याच नोंदी ऐकीव आहेत, हेही खरं. मला मात्र त्यातून लेखकाच्या मनाच्या उलट गोष्ट दिसते. २,५०० माणसं जर एका माणसाच्या कानावर आली असतील, तर उमराव आणि सामान्य यांच्यातली ही भिंत त्या काळीही किती ठिकाणी पोखरली गेली होती! कुणा लोहाराच्या पोराने नाव बदलून घर घेतलं, मुलं शिकवली, तर त्याला लबाड म्हणण्याआधी त्याच्यासाठी दुसरा कुठला दरवाजा उघडा ठेवला होता, हे विचारायला हवं.

आणि उलट बाजूही आहे. पोलिश इतिहासातली काही मोठी उमराव घराणी ‘स्की’ लावतच नाहीत. सापिएहा, पात्स ही लिथुआनियाच्या बाजूची नावं. पोलिश भाषेत लिहिण्याचा आग्रह धरणारा १६व्या शतकातला लेखक रेय हाही उमरावच. म्हणजे ‘स्की’ नसलेला उमराव होता आणि ‘स्की’ असलेला शेतकरीही होता. घराणं ठरायचं ते ‘हेर्ब’वरून, म्हणजे ढालीवरच्या चिन्हावरून. त्यातही एक हेर्ब अनेक वेगवेगळ्या आडनावांची घराणी वापरत. आज कुणी आडनाव टाइप करून ‘आपला हेर्ब’ विकत घेत असेल, तर त्याने हे आधी लक्षात घ्यावं. नुसत्या आडनावावरून हेर्ब कळत नाही.

शेतकऱ्यांची आडनावं पक्की झाली ती चर्चच्या वह्यांत. १६व्या शतकाच्या उत्तरार्धात बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी ठेवायची सक्ती झाली. पण पाद्री कानावर पडेल ते लिहीत. बाप ‘कोवाल’, मुलगा ‘कोवाल्चिक’ म्हणजे लोहाराचा पोर, नातू ‘कोवाल्स्की’ अशी एकाच घरातली तीन नावं सापडू शकतात. कोण किती वर चढला याचा हिशोब त्यात असेलच असं नाही. कधी पाद्र्याला ‘स्की’ जास्त पूर्ण, जास्त नीटस वाटलं, एवढंच. धंद्याची नावं अशीच: क्राव्हचिक शिंप्याचा, शेव्हचिक चांभाराचा, काच्मारेक गुत्तेवाल्याचा. वोझ्न्याकच्या मागे ‘वोझ्नी’ म्हणजे न्यायालयाचा चोपदार आहे. वुइचिकच्या मागे गावचा मुखिया ‘वुइत’ असेल किंवा वोइचेख हे नाव असेल. प्रत्येक घराला कुठलं लागू, हे वही उघडल्याशिवाय सांगता येत नाही. झायोंत्स म्हणजे ससा, व्रुबेल म्हणजे चिमणा, वील्क म्हणजे लांडगा. शेवटचा प्रत्यय मुलुखही सांगतो: ‘आक’ पश्चिमेला पोझनानकडे जास्त, ‘इक’ दक्षिणेला, ‘उक’ आणि ‘विच’ पूर्वेला.

१७९५ पर्यंत पोलंड नकाशावरून पुसला गेला. प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशिया या तिघांनी वाटून घेतलेल्या मुलखात माणसाला कायमचं आडनाव हवं, असा आग्रह राज्यकर्त्यांनी धरला. कारण उघड होतं: कर आणि सैन्यभरती. वॉर्सा भागात १८०८ पासून नागरी नोंदी पोलिशमध्ये होत. १८६८ पासून त्याच नोंदी रशियन भाषेत लिहायची सक्ती झाली. तोच कोवाल्स्की सिरिलिक लिपीत गेला आणि पुन्हा रोमन लिपीत येताना कधी एखादं अक्षर सांडून आला. प्रशियाच्या बाजूला १८७४ पासून जर्मन नोंदणी कचेऱ्या आल्या आणि तिरक्या रेघेचं अक्षर साधं झालं. आपल्या आजोबांचं आडनाव त्यांच्या भावाच्या आडनावाहून वेगळं का लिहिलंय, असं विचारणाऱ्या अनेकांचं उत्तर या एका रेघेत असतं.

सगळ्यात जास्त जुलूम झाला तो ज्यूंवर. त्यांच्यात ‘अमक्याचा मुलगा तमका’ अशीच रीत होती. ऑस्ट्रियाने १७८७ मध्ये जर्मन आडनावं घ्यायचा हुकूम काढला, रशियाने १८०४ मध्ये, रशियाच्या अंमलाखालच्या ‘पोलिश राज्यात’ १८२१ मध्ये. लाच दिली तर फुलाचं नाव, नाही दिली तर अपमानाचं, अशी गोष्ट फार रंगवून सांगतात. प्रत्यक्ष याद्यांत बहुतेक नावं साधीच आहेत, गावांची, धंद्यांची, आईबापांच्या नावांची. खरा त्रास वेगळाच होता. गालित्सियात, म्हणजे ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलेल्या पोलिश मुलखात, धार्मिक पद्धतीने लागलेलं ज्यू लग्न सरकारदरबारी धरत नसत, म्हणून मुलांना आईचं आडनाव लागे. मग कागदावर दोन आडनावं, मध्ये ‘रेक्टे’ किंवा ‘फाल्से’, म्हणजे ‘खरं’ किंवा ‘खोटं’. सुखाने नांदणाऱ्या आईबापांच्या मुलाच्या नावापुढे सरकारने ‘खोटं’ हा शब्द लिहावा, हे वाचताना आजही चीड येते.

१९२१च्या राज्यघटनेने घराण्यांचे हक्क, पदव्या आणि हेर्ब यांची मान्यता काढून घेतली. कायद्यापुरता ‘स्की’चा प्रश्न तिथे संपायला हवा होता. दुसऱ्या महायुद्धाने तो वेगळ्याच रूपात परत आणला. जर्मन ताब्यात लपून राहिलेल्या ज्यूंना जगायचं तर बनावट कागद लागत आणि त्यांवर संशय येणार नाही असं पोलिश आडनाव लागे. वाचलेल्यांपैकी अनेकांनी ते युद्धानंतरही ठेवलं. भूमिगत सैनिकांनी टोपणनावं घेतली होती, ती काहींनी आडनावाला जोडून टाकली. १९४४ मध्ये जर्मनांविरुद्ध झालेल्या वॉर्साच्या उठावाच्या वेळच्या सेनानीचं ‘बुर-कोमोरोव्स्की’ हे नाव असंच घडलं, त्यात ‘बुर’ म्हणजे पाइनचं रान. १९४५च्या नोव्हेंबरात नावं बदलण्याचा आणि पक्की करण्याचा वेगळा हुकूमच काढावा लागला. जर्मन सीमेकडच्या शिलेसिया भागात त्याच सुमारास जर्मन वळणाची आडनावं पोलिश करायचा दबाव आला. काही वर्षांपूर्वीच तिथे पोलिश नावांची जर्मन नावं केली गेली होती.

बायकांच्या आडनावांचा प्रश्न मात्र अजून गरम आहे. ‘स्की’वाल्यांत अडचण नाही, पुरुष कोवाल्स्की, बाई कोवाल्स्का. पण नोवाकची बायको पूर्वी ‘नोवाकोवा’ आणि अविवाहित मुलगी ‘नोवाकुव्ना’ होती. २०व्या शतकाच्या उत्तरार्धात हे मागे पडलं आणि सगळ्या नुसत्या ‘नोवाक’ झाल्या. भाषेचं सौंदर्य गेलं, असं काहींना वाटतं. बाईचं लग्न झालंय की नाही हे तिच्या सहीवरून जगाला कशाला कळावं, असं इतरांचं म्हणणं. मला दुसरी बाजू पटते.

‘कोवाल्स्का’सारख्या नावातला हा शेवटचा ‘आ’ कोल्हापुरातही वाचता येतो. १९४० पासून पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने सायबेरिया आणि कझाकस्तानात हाकललेल्या कुटुंबांतले सुमारे ५,००० लोक, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे आणि शहरात त्यांच्या कबरी आहेत. कबरीवरचं नाव ‘स्का’ने संपत असेल तर ती बाई किंवा मुलगी. छावणी उठल्यावर त्यातले बरेच जण ब्रिटनमध्ये स्थिरावले. तिथल्या कचेऱ्यांना एका घरात दोन आडनावं समजेनात आणि पुष्कळ सुना-नाती ‘स्की’ झाल्या. आज त्या कुटुंबांतलं कोणी आजीचा शोध घेत पोलंडमधल्या वह्या उघडत असेल, तर ब्रिटिश कागदावरच्या ‘स्की’खाली ती सापडणार नाही; ‘स्का’ शोधावं, आणि जन्म १८६८ ते पहिल्या महायुद्धादरम्यान वॉर्साच्या बाजूला झाला असेल तर सिरिलिक लिपी वाचायची तयारी ठेवावी.