विद्युत रोध आणि शक्ती : दाब व प्रवाहावरून गणन

उपकरणाच्या दोन टोकांमधला विद्युत दाब आणि त्यातून वाहणारा प्रवाह हे दोन आकडे हाती आले, की त्याचा रोध किती आणि ते किती शक्ती घेते, हे कागदावर काढता येते. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो, गुणले की शक्ती. दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये, रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये मोजतात. शाळेच्या पुस्तकात दाबाला विभवांतर आणि प्रवाहाला विद्युतधारा म्हणतात. वायरमनच्या तोंडी मात्र व्होल्टेज आणि करंट हेच शब्द असतात.

घरातल्या गीझरचे उदाहरण घेऊ. दाब २३० व्होल्ट आणि प्रवाह ८.७ अँपिअर असेल, तर रोध सुमारे २६.४ ओहम आणि शक्ती सुमारे २,००० वॅट. तो तासभर चालला की मीटरवर दोन युनिट चढतात. गावाकडे संध्याकाळी दाब १८० व्होल्टवर उतरला, की याच गीझरची शक्ती १,२२५ वॅटवर येते. दाब २२ टक्क्यांनी घटतो, शक्ती मात्र जवळजवळ ३९ टक्क्यांनी. कारण दाबाबरोबर प्रवाहही त्याच प्रमाणात कमी होतो आणि शक्ती या दोघांचा गुणाकार असते, म्हणजे ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. पाणी तापायला इतका वेळ का लागतो, याचे उत्तर या वर्गात आहे.

भागाकाराचा हा नियम जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग झिमोन ओहम यांनी १८२७ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. त्याआधी ते कोलोन येथे शाळेत शिकवत होते आणि वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊन प्रयोग करत होते. त्या काळच्या बॅटरीचा दाब स्थिर राहत नसे, त्यामुळे आकडे जुळेनात. मग त्यांनी तांबे आणि बिस्मथ या धातूंच्या जोडाचा आधार घेतला. अशा जोडाच्या दोन सांध्यांच्या तापमानात फरक असला की दाब निर्माण होतो. एक सांधा उकळत्या पाण्याच्या तापमानाला, दुसरा बर्फाच्या. तापमानातला फरक कायम, म्हणून दाबही कायम. आधी दाब स्थिर करायचा आणि मगच प्रवाह मोजायचा, ही शिस्त मला नियमाच्या सूत्राइतकीच मोलाची वाटते. प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणले की दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता कळते, हे इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये दाखवले.

इथे विद्यार्थी हमखास अडखळतात. शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, असे एक सूत्र सांगते. दुसरे सांगते, दाबाचा वर्ग भागिले रोध. मग रोध वाढला तर शक्ती वाढते की घटते? कायम काय राहते, यावर ते ठरते. सॉकेटवर दाब जवळजवळ कायम असतो, म्हणून तिथे लावलेल्या उपकरणाचा रोध कमी तर शक्ती जास्त. शेगडीची तुटलेली कॉइल पीळ देऊन जोडतात, तेव्हा हेच घडते. १,००० वॅटची कॉइल दहावा भाग काढून जोडली, तर रोध ५२.९ वरून ४७.६ ओहमवर येतो आणि शक्ती १,१११ वॅट होते. कॉइल आधीपेक्षा लालभडक दिसते आणि लवकर तुटते.

सैल झालेल्या पिनेत उलटे घडते. तिथून जाणारा प्रवाह गीझर ठरवतो, पीन नव्हे. स्पर्शाच्या जागी अर्धा ओहम रोध तयार झाला आणि ८.५ अँपिअर वाहत राहिले, तर त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत सुमारे ३६ वॅट उष्णता निघते. रेडिओ दुरुस्तीची साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. सॉकेट पिवळे पडून वितळते ते यामुळे. असे सॉकेट दिसले, तर ते त्याच दिवशी बदलावे.

भागाकाराने मिळालेला रोध त्या क्षणाचा असतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब पेटलेला असताना गणित ५२९ ओहम सांगते. विझलेल्या थंड बल्बला मल्टिमीटर लावला, तर जेमतेम ४० च्या आसपास आकडा येतो. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून बटण दाबताच क्षणभर मोठा प्रवाह उसळतो आणि बल्ब बहुधा त्याच क्षणी उडतो. शेगडीच्या कॉइलमधल्या नायक्रोम या मिश्रधातूचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही.

पंखा, फ्रिज, पाण्याची मोटर यांना साधा गुणाकार पुरत नाही. तिथे प्रवाह दाबाच्या मागे रेंगाळतो. २३० व्होल्ट आणि ०.४ अँपिअर यांचा गुणाकार ९२ येतो, पण पॉवर फॅक्टर, म्हणजे या गुणाकारातला खऱ्या शक्तीचा वाटा, ०.८ असेल तर खरी शक्ती सुमारे ७४ वॅटच. भागाकारातूनही नुसता रोध नव्हे, तर संरोध, म्हणजे अशा प्रवाहाला होणारा एकूण अडथळा, मिळतो.

मोठ्या अंतरावर वीज नेताना हेच गणित तारेची जाडी आणि मनोऱ्यांची उंची ठरवते. चंद्रपूर ते पडघे ही ७५० किलोमीटरहून लांब वाहिनी एकदिश प्रवाहाची आहे. तिच्या दोन तारांमध्ये १० लाख व्होल्टचा दाब असतो, एक धन ५ लाख आणि दुसरी ऋण ५ लाख. १,५०० मेगावॅट न्यायला त्यामुळे १,५०० अँपिअर पुरतात. दाब निम्मा ठेवला असता तर प्रवाह दुप्पट लागला असता आणि त्याच तारांमध्ये उष्णतेपायी चौपट वीज वाया गेली असती.